बॉल जॉइंटचं रबर फाटलंय: नुसतं रबर बदलायचं की अख्खा जॉइंट?

गाडी सर्व्हिसिंगला जाते, मेकॅनिक रॅम्पखाली बोलावतो, टॉर्च मारतो आणि सांगतो, "साहेब, बॉल जॉइंटचं रबर फाटलंय." इथपर्यंत सगळ्या गॅरेजांचं एकमत असतं. पुढे मात्र तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो, नवं रबर घालून ग्रीस भरू, काम झालं. दुसरा म्हणतो, जॉइंटच बदला. तिसरा अख्खा लोअर आर्म सांगतो, तोही दोन्ही बाजूंचा. दहा-पंधरा वर्षांची मारुती ८००, ऑल्टो, वॅगन आर, सँट्रो किंवा इंडिका जपून वापरणारे वाचक हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: यातलं कोणाचं ऐकायचं?

तुमच्या गाडीपुरतं यातलं कुठलंही एक उत्तर बरोबर असू शकतं. निर्णय रबराच्या आतला सांधा किती शाबूत आहे यावर ठरतो, आणि तो तपासल्याशिवाय दिलेला सल्ला हा निव्वळ अंदाज असतो. म्हणून आधी तपासणी, मग निर्णय आणि शेवटी खरेदी, याच क्रमाने जाऊ.

आधी एवढं समजून घ्या

आपल्या खुब्याचा सांधा जसा असतो तसाच बॉल जॉइंट असतो. एका वाटीत पोलादी गोळा बसवलेला असतो आणि त्या गोळ्याला दांडी असते. छोट्या गाड्यांमध्ये वाटीची बाजू लोअर आर्मला आणि दांडी चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, जोडलेली असते. चाक खड्ड्यात खाली जातं, वर येतं, डावी-उजवीकडे वळतं, ते याच सांध्यावर.

आतल्या ग्रीसवर टोपीसारखं रबर बसवलेलं असतं. ग्रीस आत धरून ठेवणं आणि पाणी-चिखल बाहेर रोखणं, एवढंच त्याचं काम. बहुतेक छोट्या गाड्यांच्या जॉइंटला ग्रीस भरायचं निपल नसतं. कारखान्यात भरलेलं ग्रीस शेवटपर्यंत पुरावं अशी रचना असते, आणि ती रबर शाबूत असेपर्यंतच चालते.

रबर फाटलं की रस्त्यावरचं पाणी आणि बारीक वाळू आत जाते. वाळू मिसळलेलं ग्रीस पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. गोळ्यावर गंज चढतो, वाटी झिजते, सांधा ढिला होतो. दुर्लक्ष होत राहिलं तर एक दिवस गोळा वाटीतून निसटतो, चाक बाहेरच्या बाजूला कलंडतं आणि गाडी चालवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. त्यामुळे "आवाज येत नाही ना, मग पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" असं करू नका.

नेमकं कोणतं रबर फाटलंय?

पुढच्या चाकामागे चार-पाच प्रकारची रबरं असतात आणि "बूट फाटला" हा एकच शब्द सगळ्यांना वापरला जातो. कोटेशन मागण्याआधी ही ओळख पटवून घ्या:

- बॉल जॉइंटचं रबर: लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाला, चाकाच्या अगदी जवळ, छोट्या वाटीएवढं. सांधा ढिला झाला की खड्ड्यात आणि स्पीडब्रेकरवर "टक-टक" ऐकू येते.
- टाय रॉड एंडचं रबर: दिसायला तसंच, पण स्टिअरिंगकडून येणाऱ्या रॉडच्या टोकाला. तो ढिला झाला की स्टिअरिंगमध्ये मोकळा खेळ जाणवतो.
- ड्राइव्ह शाफ्टचा बूट: पेटीच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा. फाटला तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. पुढे या बुटाखालचा जॉइंट झिजला की पूर्ण वळण घेताना "कट-कट" असा आवाज येतो.
- स्टिअरिंग रॅकचा बूट: हाही भात्यासारखाच, पण गाडीच्या मध्याकडे.
- स्टॅबिलायझर लिंकचं रबर: सगळ्यांत लहान. हे सगळ्याच गाड्यांत नसतं.

गाडी उभी असताना स्टिअरिंग आधी एका बाजूला पूर्ण वळवा आणि चाकामागे टॉर्च मारा, मग दुसऱ्या बाजूला वळवून तेच करा. बॉल जॉइंटच्या रबराची चीर बरेचदा घडीत लपलेली असते आणि चाक सरळ असताना दिसत नाही. रबराभोवती बोट फिरवून पाहा. ओलसर काळं ग्रीस बोटाला लागलं, तर चीर कुठेतरी आहेच.

सांधा शाबूत आहे का? तपासणी अशी करा किंवा करून घ्या

१. चाक उचलून हलवणं. मारुती ८००, ऑल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. अशा गाडीला बॉडीच्या ठरलेल्या जागी जॅक लावा आणि चाक लोंबकळू द्या. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खट्ट झालं तर सांध्यात किंवा व्हील बेअरिंगमध्ये खेळ आहे.

२. बेअरिंग की बॉल जॉइंट? कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर संशय बेअरिंगवर जातो. तसाच राहिला तर नजर बॉल जॉइंटकडे वळवा. तीन आणि नऊच्या जागी धरल्यावरच खेळ जाणवत असेल, तर टाय रॉड एंड बघा.

३. टॉमी लावून पाहणं. लोअर आर्म आणि नकल यांच्या फटीत टॉमी (उचकायची लोखंडी सळई) घालून हलकेच उचका आणि नजर जॉइंटवर ठेवा. गोळा वाटीत वर-खाली सरकताना दिसला, तर निर्णय तिथेच झाला.

४. दांडी हाताने फिरवणं. जॉइंट नकलमधून सुटल्यावर ही सगळ्यांत खात्रीची परीक्षा. चांगल्या सांध्याची दांडी दाबून फिरवावी लागते आणि सगळीकडे सारख्याच घट्टपणे फिरते. दांडी आपोआप कलंडत असेल, फिरताना करकरत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर तो जॉइंट संपला आहे.

एक फरक लक्षात ठेवा. इनोव्हा, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्यांना पुढे डबल विशबोन असतं आणि प्रत्येक बाजूला वरचा-खालचा असे दोन बॉल जॉइंट असतात. स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा जोर खालच्या आर्मवर येत असेल, तर जॅक त्या आर्मखाली लावावा लागतो. बॉडीखाली लावला तर तो जोर सांध्याला ताणून धरतो आणि ढिला जॉइंटही घट्ट वाटतो.

आता निर्णय: तीनपैकी कोणता पर्याय?

- नुसतं रबर बदला, जर चीर नुकतीच पडली असेल, ग्रीस अजून काळं-तेलकट असेल, गंज नसेल, खेळ नसेल आणि दांडी घट्ट फिरत असेल. सर्व्हिसिंगला रबर ठीक होतं आणि त्यानंतर पाऊस झालेला नाही, अशा गाडीला हा पर्याय छान लागू पडतो.
- बॉल जॉइंट बदला, जर खेळ असेल, ग्रीस तांबूस किंवा पाणचट झालं असेल, वाळू लागत असेल, किंवा फाटक्या रबरावर गाडी अख्खा पावसाळा धावली असेल. जॉइंट बोल्ट, रिव्हेट किंवा प्रेसने बसवलेला असेल तर तो सहसा वेगळा मिळतो.
- पूर्ण लोअर आर्म बदला, जर तुमच्या गाडीत जॉइंट आर्मसकटच येत असेल, आर्म वाकला किंवा गंजून पातळ झाला असेल, किंवा आर्मचे बुशही फाटले असतील. बुश आणि जॉइंट दोन्ही गेले असताना एकेक काढून बसवण्यापेक्षा आर्म बदलणं परवडतं.

इथे खर्चाचा एक मुद्दा बरेच जण विसरतात. रबर सगळ्यांत स्वस्त, जॉइंट त्याहून महाग आणि आर्म सगळ्यांत महाग, हे खरं. पण चाक काढणं, दांडी सोडवणं, आर्म खाली ओढणं ही मेहनत तिन्ही कामांत आहे. आज रबर टाकलं आणि चार महिन्यांनी जॉइंट बदलावा लागला, तर मजुरी दोनदा पडते. म्हणून जॉइंट शंकास्पद असेल तर रबरावर पैसे घालू नका.

माझ्या जुन्या झेनच्या बाबतीत मी हीच चूक केली. एका गॅरेजने दांडी फिरवून न पाहता नवं रबर चढवलं आणि मीही विचारलं नाही. वरून सगळं नवं दिसत होतं. तीन महिन्यांनी घाटात वळणावर खटका बसायला लागला. दुसऱ्या मिस्त्रींनी रबर उचकटलं तेव्हा आत ग्रीस नव्हतंच, दुधाळ चहासारखा तांबूस चिकटा होता, आणि गोळ्यावर नखाला जाणवतील असे गंजाचे खड्डे पडले होते. नव्या रबरामुळे जुना बिघाड झाकला गेला होता. तेव्हापासून रबर चढवण्याआधी दांडी मी स्वतः फिरवून बघतो. तुम्हीही बघा.

दुसऱ्या बाजूचा जॉइंट लगेच बदललाच पाहिजे असं नाही. तपासायला मात्र हवाच, कारण त्याचंही वय तेवढंच आहे. तो घट्ट आणि त्याचं रबर मऊ असेल तर राहू द्या. रबर कडक होऊन भेगाळलं असेल तर गाडी वर आहे तोवर तेही उरकून घ्या.

सामान घेताना

- गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चेसिस नंबर दाखवून पार्ट मागा. एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे जॉइंट बदललेला असू शकतो.
- सुटं रबर मापावर मिळतं. खालचा व्यास, दांडीकडच्या भोकाचा व्यास आणि उंची ही तिन्ही मापं जुळली पाहिजेत. शक्य असेल तर जुनं रबर सोबत न्या. खालची तारेची रिंग नवी घ्या.
- पाकिटावर उत्पादकाचं नाव, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली आहे ना, ते बघा. छपाई पुसट, पार्ट नंबर चिकटवलेला किंवा खाडाखोड केलेला असेल तर घेऊ नका.
- पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अशा ठिकाणी जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात. पण बॉल जॉइंट वापरलेला घेऊ नका. दुसऱ्या गाडीतून काढलेल्या जॉइंटचं उरलेलं आयुष्य कोणालाच सांगता येत नाही.

काम नीट होतंय ना? पायऱ्या अशा

घरी करायची सवय असलेल्यांसाठी आणि गॅरेजमध्ये शेजारी उभं राहून बघणाऱ्यांसाठीही हाच क्रम आहे.

१. सपाट, कडक जमीन निवडा. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना गुटका लावा. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करा. गाडी उचलल्यावर तिला पक्क्या स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोकं घालू नका. विटा रचून केलेला टेकूही चालत नाही. वीट फुटते.

२. जॉइंटभोवतीचा चिखल वायर ब्रशने साफ करा, नाहीतर तोच नव्या ग्रीसमध्ये जाईल.

३. दांडी सोडवा. काही गाड्यांत ती नकलमध्ये आडव्या बोल्टने आवळलेली असते. हा बोल्ट दांडीवरच्या खाचेतून जातो, म्हणून तो सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. काही गाड्यांत दांडी निमुळती असून वर नट आणि कॉटर पिन असते. तिथे पिन काढून नट सैल करा, पण दोन-तीन आटे राहू द्या, म्हणजे दांडी सुटताना आर्म अचानक खाली आदळणार नाही. पुलर वापरा किंवा नकलच्या कानावर बाजूने हातोडा मारा. दांडीच्या आट्यांवर मारू नका. पाचर ठोकून सोडवायची पद्धत रबर फाडते, ती फक्त जॉइंट टाकून द्यायचा असेल तरच.

४. आर्म टॉमीने खाली दाबून दांडी बाहेर काढा. नकल बाहेर ओढू नका, ड्राइव्ह शाफ्ट आतून निसटू शकतो.

५. जुनी रिंग आणि रबर काढा. जुनं ग्रीस धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने पुसा. हीच वेळ दांडी फिरवून शेवटचा निर्णय घेण्याची.

६. सांध्याभोवती आणि रबरात लिथियम ग्रीस भरा, पण गच्च भरू नका. चाक वळलं की रबर दबतं, आणि जागा नसेल तर ग्रीस कडेतून बाहेर येतं किंवा रबरच फुगून फुटतं. साधारण दोन तृतीयांश पुरे.

७. रबराची खालची कड खाचेत सगळीकडून सारखी बसवा आणि रिंग चढवा. त्यासाठी त्याच व्यासाचा पाइपचा तुकडा किंवा मोठं सॉकेट वापरून हलके ठोके द्या. स्क्रू ड्रायव्हरने ढकलायला गेलात तर नवं रबर तिथेच चिरतं.

८. निमुळती दांडी आणि नकलचं भोक कोरडं पुसून घ्या. तिथे ग्रीस लावायचं नसतं. दांडी बसवा, नट कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मापाला टॉर्क रेंचने आवळा आणि नवी कॉटर पिन घाला. पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सैल करून कधीच नाही. नायलॉनचा लॉक नट असेल तर तोही नवा हवा.

९. आर्म काढला असेल तर बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असलं पाहिजे. चाक लोंबकळत असताना आवळले तर बुशला पीळ पडतो आणि तो लवकर फाटतो.

१०. थोडं अंतर चालवून परत नजर टाका. जॉइंट किंवा आर्म बदलला असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्या. फक्त रबर बदललं आणि टाय रॉड किंवा स्ट्रटचे बोल्ट हलवले नाहीत, तर सहसा त्याची गरज पडत नाही.

तुमच्याकडे पुलर, स्टँड आणि टॉर्क रेंच नसेल, तर हे काम घरी करू नका. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनच्या कामात अर्धवट आवळलेला एक नट जिवावर बेतू शकतो.

हे टाळा

- फाटक्या रबरावर टेप, केबल टाय किंवा चिकटवलेलं रबर. पहिल्याच पावसात सुटतं.
- चिरेतून सिरिंजने ग्रीस भरून दिवस ढकलणं. गॅरेजपर्यंत जाण्यापुरतं ठीक आहे, पण आत गेलेली वाळू त्याने बाहेर येत नाही.
- ढिला जॉइंट ठोकून घट्ट करणं किंवा आर्मला वेल्डिंग मारणं. कोणी सुचवलं तर गाडी परत घेऊन या. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं अस्तर आणि रबर दोन्ही जळतं.
- पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल किंवा जळकं इंजिन ऑइल मारणं. गंज रोखायला म्हणून आपल्याकडे हे सर्रास करतात. पण तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग फाटतं. गंजरोधक कोटिंग करायचं असेल तर रबरं झाकून करायला सांगा.
- उच्च दाबाच्या पाण्याचा झोत थेट रबरावर धरणं. बारीक चिरेतून पाणी आत घुसतं.

बिल, वॉरंटी आणि तुमचे हक्क

गाडी जुनी आहे म्हणून ग्राहक म्हणून तुमचे हक्क कमी होत नाहीत. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा आहे.

- काम सुरू होण्याआधी लेखी अंदाजपत्रक मागा. त्यात पार्ट, पार्टचा ब्रँड आणि मजुरी वेगवेगळी लिहायला सांगा. "लोअर आर्म" लिहून फक्त जॉइंट बदलला जाऊ नये, म्हणून ही काळजी.
- काढलेले जुने पार्ट दाखवायला आणि परत द्यायला सुरुवातीलाच सांगून ठेवा. जॉइंट खरोखर खराब होता की नाही, हे तो हातात आल्यावर तुम्हालाच कळेल.
- बिल घ्याच. बिल किंवा पावती न देणं ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देणं हेही त्यातच येतं. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर त्यासाठी ३० दिवस धरले जातात.
- तक्रार असेल तर आधी गॅरेजला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क लागत नाही.
- विम्याच्या भरवशावर राहू नका. नेहमीच्या वापराने झालेली झीज वाहन विम्यात धरली जात नाही.

आणखी एक गोष्ट. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांनी फिटनेस तपासून ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावी लागते. तुमची गाडी त्या वयाला आली असेल, तर पासिंगला नेण्याआधी स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे सगळे सांधे बघून घ्या.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एवढं कराच

कोकणात, घाटमाथ्यावर, मुंबई-पुण्याच्या खड्ड्यांत गाडी चार महिने पाण्यात धावते. मे महिन्यात दिसलेली नखाएवढी चीर तेव्हाच बंद केली तर नुसत्या रबरावर भागतं. तीच गणपतीत दिसली तर बहुधा जॉइंट घ्यावा लागतो. म्हणून पावसाआधी एका रविवारी सकाळी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, चाकामागे टॉर्च मारा, प्रत्येक रबरावरून बोट फिरवा. चीर सापडली तर आवाज यायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात गाडी रॅम्पवर घ्या, आणि नवं रबर चढण्याआधी दांडी स्वतःच्या हाताने फिरवून बघा.